आबांवर हात कोण उचलणार

बारावीला मी इंग्रजीत नापास झाले, आणि एकदा नाही, दोनदा. मार्चला उडाले, ऑक्टोबरला परत बसले तर आधीपेक्षा चार मार्क कमी. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच गळ्यात अडकून बसला. घरात कुणी पाहुणा आला की आई ओळख करून द्यायची, ही आमची इंग्रजीत राहिलेली. माझं डोकं मुळातच तापट, त्यात हे उठताबसता ऐकायचं. एक दिवस मी आईला सांगून टाकलं की पुन्हा परीक्षेचं नाव काढलंस तर घरात जेवायचीच नाही. जेवण काही सोडलं नाही, पण पुढच्या मार्चचा फॉर्म मात्र भरला नाही.

माझ्या मामानं तेव्हा शिरूरमध्ये, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. दोन हजार तीन-चारचा सुमार. सहा मशिनं, खिडकीला निळा पडदा, दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. सकाळी कोर्सची मुलं यायची. दुपारनंतर मशिनं रिकामी पडायची म्हणून मामा गेम खेळू द्यायचा. तो स्वतः बॅग घेऊन शिक्रापूर-रांजणगावच्या कंपन्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीला हिंडायचा. घरात धुमसत बसण्यापेक्षा इथं बस, म्हणाला, आणि मला काउंटरवर बसवलं.

पहिल्याच आठवड्यात एक मिशीवाला बाप्या आत आला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी तरी मोठा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. चपला नीट जोडीनं बाहेर ठेवल्या आणि मला म्हणाला, "मॅडम, दोन नंबरचं मशीन चालू करता का?"

मी मागं वळून बघितलं, कुणी मॅडम उभी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मी उठले, मशीन चालू केलं, आणि त्या दिवशी घरी जाताना रस्त्यानं एकटीच हसत गेले. घरी राहिलेली आणि क्लासात मॅडम! मला क्लास सोडायचा नव्हता तो या एका शब्दासाठी. पगाराचं वगैरे मला काही पडलेलं नव्हतं.

हा माणूस मांडवगण फराट्याचा. धनगराच्या घरचा. आजोबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, वडलांनी विहीर पाडून ऊस लावलेला, आणि हा शिक्रापूरला चार जणांत खोली घेऊन कंपनीत कामाला. गुरुवारी सुट्टी. गुरुवारी दुपारी तो शिरूरला उतरायचा, दोन तास गेम खेळायचा आणि मग गावची एसटी धरायचा. बोलायचा कमी. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो मात्र तोंडाचा फटकळ होता. बाजारपेठेतल्या बी-बियाणाच्या दुकानात कामाला होता, म्हणून आम्ही त्याला बियाणेवाला म्हणायचो. त्याला जगातलं सगळं माहीत असायचं. या दोघांच्या मागं खुर्च्या ओढून आणखी चार-पाच जण बसायचे. एकाच मशीनवर आळीपाळीनं खेळायचे दोघं, बघायचे सगळे.

गेम होता तलवारीचा आणि जादूचा. त्याचं खरं नाव कुणी घेत नव्हतं, आम्ही 'कंदीलवाला' म्हणायचो. एक जवान गडी पडक्या किल्ल्यात जागा होतो, त्याच्या खांद्यावर लांब करडं कापड, आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कंदील घेऊन त्याला वाट दाखवत पुढं चालतो. सीडी कॉपी केलेली, त्यातनं आवाज काढून टाकलेले. म्हातारा बोलायला लागला की नुसती खाली इंग्रजी अक्षरं यायची, ओळीच्या ओळी.

"मॅडम, काय म्हणतोय बघा की जरा," बियाणेवाला म्हणाला.

आता इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण सहा डोकी माझ्याकडं वळलेली, आणि मी मॅडम. मी उठून त्याच्या मागं उभी राहिले, अक्षरांवर नजर टाकली आणि ठोकून दिलं. म्हातारा दर दुसरं वाक्य 'वेल'नं सुरू करायचा. वेल म्हणजे विहीर, एवढं मला पक्कं येत होतं. म्हटलं, म्हातारा सांगतोय, पुढं विहीर आहे, जपून जा. पुढं खरंच एक खड्डा निघाला. झालं, माझं इंग्रजी सिद्ध झालं.

मग मी थांबतेय कशाला. गड्याच्या खांद्यावरचं कापड मला घोंगडीसारखं दिसलं, मांडवगणचा समोरच बसलेला, म्हटलं हा धनगर आहे. याची मेंढरं वरच्या बुरुजातल्या चेटकिणीनं पळवून नेली आहेत. म्हातारा कोण, तर याच्या आजोबांचा मित्र. त्याला मी आबा करून टाकलं. त्या दिवसापासून कुणी त्याला म्हातारा म्हटलं नाही. आबा आले, आबा थांबले, आबा काय म्हणाले.

लढाईत मंत्र निवडायची खिडकी यायची, तिच्यावर 'स्पेल' असा शब्द. बियाणेवाल्याचं म्हणणं पडलं की स्पेल म्हणजे बोलरच्या ओव्हरा, कॉमेंट्रीत सांगतात तसं. मला राग आला. मी असताना हा कोण अर्थ सांगणार? म्हटलं, स्पेल म्हणजे स्पेलिंग. मंत्राचं स्पेलिंग बरोबर असेल तरच मंत्र लागतो, एक अक्षर चुकलं की गेला. हे सगळ्यांना लगेच पटलं. चुकलेल्या स्पेलिंगनं माणसाचं काय होतं हे त्या खोलीत बहुतेकांना ठाऊक असावं. मग काय, 'टाक स्पेलिंग', 'स्पेलिंग संपलं रे', 'मोठं स्पेलिंग राखून ठेव चेटकिणीला', असं दुपारभर चालायचं. सकाळच्या कोर्सच्या एक बाई त्या वेळी फाईल विसरली म्हणून परत आल्या, आणि इथं मुलं इंग्रजीचा केवढा अभ्यास करतात म्हणून मामाकडं कौतुक करून गेल्या.

उन्हाळा संपता संपता पहिला भाग संपला. शेवटी एका कड्यावर आबा कंदील त्या गड्याच्या हातात देतात, खूप काही बोलतात, आणि मागं सरकत सरकत दरीत पडतात. पडदाभर अक्षरं. मी त्यातलं एक वाक्यही वाचलं नाही. मी सांगितलं की आबांनी स्वतःहून उडी घेतली, कारण कुणीतरी जीव दिल्याशिवाय चेटकिणीचं स्पेलिंग मोडत नाही, आणि आता मेंढरं सुटली.   मांडवगणचा रुमाल काढून डोळे पुसायला लागला आणि म्हणाला, पडद्याकडं बघून बघून जळजळतंय.

दुसरा भाग आलाय ही बातमी बियाणेवाल्यानंच आणली. दुकानाचा माल सोडवायला त्याला दौंडला स्टेशनवर जावं लागायचं. तिथं बाहेर एक जण हातगाडीवर सीड्या विकायचा. न्हावऱ्यावरनं येणाऱ्या एसटीत सीडी शर्टाच्या आत छातीशी धरून तो आला, कारण बॅगेत बियाणांची पाकिटं होती आणि घासून चरे पडले असते. गुरुवारची दुपार. दारात चपलांचा ढीग. मी स्वतः बाहेर जाऊन पाटी सरळ केली, एवढी मी खूश होते.

या भागात आवाज होता. मामाचा एकुलता एक स्पीकर आम्ही दोन नंबरच्या मशीनला जोडला. पडदा काळा झाला, मग उजेड आला, आणि समोर सिंहासनावर आबा. तीच दाढी. तोच कंदील पायाशी. आणि आबा हसले. ते हसणं असं होतं की त्याला भाषांतर लागत नव्हतं. वाईट माणूस हसतो तसं हसणं. त्यांच्या मागं साखळ्यांत बांधलेली माणसं होती.

 सगळे एकदम बोलायला लागले. हे आबा नव्हेतच, जुळा भाऊ असणार, असं एकाचं मत. आबा मेल्याचा फायदा घेऊन कुणीतरी त्यांचं रूप घेतलंय, हे दुसऱ्याचं. तिसरा म्हणाला, बियाणेवाल्याला दौंडवाल्यानं डुप्लिकेट सीडी गळ्यात मारली. सीडी तर डुप्लिकेट होतीच, पहिलीही होती, पण त्याला म्हणायचं होतं की गोष्ट डुप्लिकेट आहे. बियाणेवाला खवळला. म्हणाला, दौंडवाल्याचा काय दोष, गेम काढणाऱ्या कंपनीचंच डोकं फिरलंय, पहिल्या भागात एवढा देवमाणूस उभा केला आणि दुसऱ्यात त्याची माती केली. मग सगळ्यांनी मिळून कंपनीचा उद्धार केला.  मांडवगणचा तेवढा पडद्याकडं बघत बसला होता.

पुढच्या दोन गुरुवारांत ते खेळत खेळत एका दरवाज्याशी पोचले. दरवाज्यात आबा उभे, हातात काठी. पुढं जायचं तर आबांना मारायचं. आणि इथं गाडं अडलं. कुणी मारेना.

मी खरंच सांगते, कुणी मारेना. मांडवगणच्यानं तलवार म्यानात घातली आणि तो गडी नुसता उभा ठेवला. आबांनी काठी घालून त्याला आडवा केला. बियाणेवाला एरवी समोर येईल त्याला कापत सुटायचा, तो कीबोर्डवर बोटं ठेवून बसला आणि म्हणाला, "आबांवर हात कसा उचलायचा?" मागच्या खुर्च्यांवरच्यांनी बाजूनं जायची वाट शोधायला लावली, कंदील पायाशी ठेवून बघितला, गड्याला मागं मागं चालवून बघितला. आबा काही बधले नाहीत. दर वेळी काठी उचलायच्या आधी ते एक प्रश्न विचारायचे, खाली अक्षरं यायची आणि त्याखाली हो किंवा नाही. त्यात 'यील्ड' असा शब्द होता.

"ह्यो शब्द मला येतोय," बियाणेवाला म्हणाला. "पाकिटावर असतोय. यील्ड म्हंजी एकरी उत्पन्न."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. म्हटलं, बरोबर आहे, आबा विचारतायत, यंदा काही पिकलं का? मेंढरांच्या मागं फिरणाऱ्याला कुठलं पीक, म्हणून प्रामाणिकपणे 'नाही' दाबायचं. नाही दाबलं की काठी. चार गुरुवार आम्ही आबांच्या हातून मार खाल्ला.

शेवटी बियाणेवाल्यानं ठरवलं की कंपनीला ईमेल करायचा. सीडीत पत्ता होता, मामाकडं नेट होतं, फोनच्या तारेवर किर्र करत लागायचं. तक्रार करायची की तुम्ही आबांची बदनामी केली आहे, तिसऱ्या भागात तरी दुरुस्त करा. सगळ्यांना एकदम पटलं. आणि लिहिणार कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मॅडम आहेत की.

 मी मशीनसमोर बसले आणि बारावीच्या पत्रलेखनातलं पाठ होतं ते टाइप केलं. रिस्पेक्टेड सर. विषय, आबांबद्दल तक्रार. तिथून पुढं एक अक्षर सुचेना. मागं सहा जण उभे. मी म्हटलं, तक्रारीत पहिल्या भागातलं आबांचं शेवटचं बोलणं शब्द न शब्द द्यावं लागेल, नाहीतर ते लोक मानायचे नाहीत, मला आठवडा द्या. मॅडमचं बरोबर आहे, असं सगळे म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी घरून डिक्शनरी आणली. निकालाच्या दिवशी ती मी माळ्यावर फेकली होती, तिच्यावर बोटभर धूळ. पहिल्या भागाचा शेवट चालू करायचा, एक ओळ वहीत उतरायची, मग एकेक शब्द शोधायचा. तीन दुपारी गेल्या. 'लाइड' हा शब्द डिक्शनरीत सापडेना, म्हणून 'लाय' बघितला, तर दोन अर्थ. एक, आडवं पडणं. मी लिहिलं, आबा म्हणतात मी तुझ्यापाशी आडवा पडलो. काही जमेना. मग दुसरा अर्थ लावला. खोटं बोलणं. तो लावल्यावर सगळी ओळ लागली. म्हातारा म्हणत होता, पहिला कंदील लावला तेव्हापासून मी तुझ्याशी खोटं बोलत आलो. बुरुजातली बाई चेटकीण नव्हती, राणी होती, आणि तिला मारायला त्यानं या गड्याला वापरलं होतं. स्पेल म्हणजे जादू, तिचा स्पेलिंगशी काही संबंध नव्हता. मेंढरं तर अख्ख्या गेममध्ये कुठंच नव्हती.

कंपनी बरोबर होती. चूक माझी होती. मला म्हाताऱ्याचा आधी राग आला आणि मग माझा आला. तो निदान एकाशी खोटं बोलला होता, मी सहा जणांशी बोलले होते. पण घाबरले मी जास्त. मनात म्हटलं, कुणाला काय कळणार आहे? काहीतरी खरडायचं, पाठवलं म्हणायचं, उत्तर आलं नाही म्हणायचं, संपला विषय. मॅडमची मॅडम राहीन. गुरुवारपर्यंत माझं तेच ठरलेलं होतं.

गुरुवारी मांडवगणचा सगळ्यांच्या आधी आला. खिशातनं घडी घातलेले दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. वळणदार अक्षरात, मराठीत लिहिलेलं पत्र. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलं होतं. म्हणाला, हे जसंच्या तसं इंग्रजीत घाला, तुम्हाला सोपं जावं म्हणून लिवून आणलंय. मी वाचायला लागले. आबा कसे पुढं चालायचे, विहिरीपाशी कसे थांबवायचे, कसा जीव दिला. सगळं माझंच.

मग तो सांगत बसला. त्याचे आजोबा आता अंथरुणावरून फारसे उठत नव्हते. दर गुरुवारी गावी गेला की ते विचारायचे, मेंढरं कुठवर आली? तो त्या दिवशीचं सगळं सांगायचा. दुसऱ्या भागाचं त्यानं अजून सांगितलं नव्हतं. "आमच्या आबाला एवढंच बोललोय," तो म्हणाला, "की मॅडम कंपनीला लिवणार हायेत, त्ये दुरुस्त करत्याल."

बाकीचे आत येत होते, खुर्च्या ओढत होते. माझ्या हातात ते दोन कागद. मला पुढं जाववेना. एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला मी वर्षभर थाप मारली होती, आणि त्याला मी बघितलंही नव्हतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "यातलं एक वाक्यही मला लिहिता येणार नाही. मला इंग्रजी येत नाही. मी बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेय. ती गोष्ट मी मनानं सांगत होते." आणि मग थांबले असते तर पुन्हा सांगता आलं नसतं म्हणून सगळं एका दमात सांगून टाकलं. खोटं बोलणारा म्हातारा, राणी, स्पेलिंग, सगळं.

बियाणेवाल्याचा चेहरा लाल झाला. "म्हंजी वर्षभर आमाला येड्यात काढलं व्हय?" तो म्हणाला. बाहेर गेला, चपला पायात सरकवल्या आणि तरातरा निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार होते?

मांडवगणच्यानं हळूच विचारलं, "आन् मेंढरं?"

"मेंढरं नव्हतीच," मी म्हटलं. "ती मी घातली."

त्यानं माझ्या हातातले कागद घेतले, परत घडी घातली आणि खिशात ठेवले. मला वाटलं, हाही उठणार. तो उठला नाही. 

"मीबी दोनदा," तो म्हणाला. "बारावीलाच. इंग्रजीलाच. म्हणून तर कंपनी गाठली."

मागच्या खुर्चीवरून एक जण म्हणाला, दहावीला, एकदा. त्याच्या शेजारचा म्हणाला, बारावीला, आणि घरी अजून माहीत नाही. उरलेले दोघं नुसते हात वर करून बसले. मी बघतच राहिले. वर्षभर आम्ही एका खोलीत बसत होतो, खांद्याला खांदा लावून, आणि प्रत्येकानं एकच गोष्ट इतरांपासून लपवून ठेवली होती. मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. कुणी समजूत घातली नाही, आणि ते बरंच झालं.

"आता खरं काय लिवलंय त्ये वाचा, मॅडम," मांडवगणचा म्हणाला.

त्यानं मॅडम म्हटलं, आणि चेष्टेत नाही म्हटलं. मी डोळे पुसले आणि डिक्शनरी काढली.

पुढच्या गुरुवारी बियाणेवाला आला. पाय ओढत आला, आणि मशीन रिकामं आहे का म्हणून असं विचारलं की जणू गावात नवीनच उतरलाय. मी त्याची माफी मागितली, तो भिंतीकडं बघत म्हणाला, असू द्या. बोलता बोलता हेही सांगून टाकलं की त्यानं बारावीचा इंग्रजीचा पेपरच दिला नव्हता, केंद्राच्या दारातनं परत फिरला होता. तोपर्यंत आम्ही आबांच्या प्रश्नापर्यंत पोचलो होतो. मी 'यील्ड' काढला. पहिला अर्थ, उत्पन्न. तो मी मुद्दाम मोठ्यानं वाचला, तेव्हा बियाणेवाल्याची मान ताठ झाली. दुसरा अर्थ, शरण जाणं. आबा विचारत होते, शरण येतोस का?

"श्यरण जायाचं असंल तर गेम खेळायचा कशाला?" बियाणेवाला तापला.

मांडवगणच्यानं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. "आबांच्या पाया पडायचं," तो म्हणाला, "त्यात कसलं श्यरण?" आणि त्यानं 'हो' दाबलं.

गडी गुडघ्यावर बसला. आबांनी काठी खाली ठेवली. त्यांचं हसू गेलं, ते नुसते उभे राहिले, थकलेल्या माणसासारखे, आणि बाजूला सरकून त्यांनी दरवाजा मोकळा केला. लढाई न करता आम्ही आत गेलो होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मांडवगणचा खुर्चीत मागं टेकला, आणि आबा बोलायला लागले तसे सगळे माझ्याकडं वळले. त्या वेळी मी एका ओळीला पाच मिनिटं लावली. कुणी घाई केली नाही. चुकला शब्द की बियाणेवाला म्हणायचा, दुसरा अर्थ बघा, दुसरा, आणि बहुतेक वेळा दुसराच बरोबर निघायचा.

तक्रार कधी गेली नाही. मांडवगणच्यानं गावी जाऊन आजोबांना खरं सांगितलं. म्हातारा सगळं ऐकून म्हणाला म्हणे, मेंढरं न्हवती तर त्यो गडी घोंगडी घेऊन काय उगाच हिंडत हुता व्हय? कंपनीवाल्यांना काय कळतंय, त्या पोरीचंच बरोबर हाय. हे ऐकून मी हसले आणि परत थोडी रडले.

त्याच महिन्यात ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म सुटले. मी आईला सांगितलं की भरतेय, आणि ती काही बोलायच्या आधीच आतल्या खोलीत निघून गेले. मांडवगणचाही भरतोय हे मला फॉर्मच्या रांगेत कळलं. पुढं मी त्या ऑक्टोबरला पास झाले, तो पुढच्या मार्चला झाला. निकालाचं मला आज फारसं आठवत नाही, आठवतो तो पेपर.

केंद्र शिरूरलाच होतं. त्यानं कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, अंगात तोच निळा शर्ट, माझ्यापुढं दोन बाकं सोडून. नापासांच्या वर्गात एक सवय असते. पहिला तास झाला की माना खाली जातात, पेनं थांबतात, सगळे घड्याळाकडं बघत बसतात, आणि पर्यवेक्षक बाईही खुर्चीत जरा पेंगतात. इंग्रजीच्या पेपरला आमच्यापैकी कधी कुणाची उत्तरपत्रिका भरलेली मी पाहिलेली नव्हती. माझे स्वतःचे दोन्ही वेळा निम्मे कागद कोरे गेले होते.

दुसरा तास संपत आला तेव्हा मांडवगणचा उठून उभा राहिला. बाई दचकल्या, काय झालं म्हणून. अख्खा वर्ग त्याच्याकडं बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"पुरवणी पायजेल," तो म्हणाला.

बाईंनी पुरवण्यांचा गठ्ठा अजून सोडलासुद्धा नव्हता. त्यांनी दोरा तोडला, त्याच्याजवळ आल्या आणि त्याला एक पुरवणी दिली. तो खाली बसला, तिच्यावर नंबर घातला आणि लिहायला लागला. मी माझ्या उत्तरपत्रिकेकडं बघितलं. शेवटच्या पानावर चार ओळींची जागा उरली होती. मी त्या चार ओळी भरल्या आणि हात वर केला.